ताईचा काकड्यांचा घाणा

माझ्या थोरल्या बहिणीने एकतीस वर्षं काकड्या बरणीत भरल्या. दुसरं काही केलंच नाही असं नाही. लग्न केलं, मुलगी वाढवली, तिला परगावी नोकरीला पाठवलं, माझं एक मोठं आजारपण काढलं. पण सकाळी सात ते दुपारी तीन तिचे हात कुठे होते म्हणाल, तर काकड्यांत. बोटाएवढ्या काकड्या, मीठ आणि व्हिनेगरचा खार, एक शेपूची काडी, चार मोहरीचे दाणे, वर झाकण. पट्ट्यावरून बरणी सरकत यायची, ताई भरायची, बरणी पुढे जायची. मी एकदा तिला विचारलं, एकूण किती भरल्या असशील गं? तर म्हणाली, "तू भिंती किती रंगवल्यास ते मोजलंस का कधी?" मी रंगारी आहे. मोजल्या नव्हत्या. विषय संपला.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली तेव्हा कारखान्याने तिला निरोपाचं काय द्यावं? बारा बरण्यांचं खोकं! माणसांना अक्कल नसते ती अशी. तिने ते खोकं जिन्यातच शेजारणीच्या हवाली केलं आणि घरात शिरता शिरता म्हणाली, "आता मेले तरी ही बरणी माझ्या घरात येणार नाही."

आली. आणि तिनेच आणली. का आणली ते सांगतो.

तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, गॅसच्या शेगड्या आणि पाइप दुरुस्त करतात. आमच्या भागात त्यांच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. कुणाच्या घरी गॅसचा वास येतोय म्हणून बोलावलं की हे दारात उभे राहायचे, दोनदा हुंगायचे आणि सांगायचे, "शेगडीत नाही, ओट्यामागच्या सांध्यात आहे." यंत्र नंतर काढायचे, ते फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. खायचेही तसेच. ताटातल्या एकूण एक पदार्थाला नावं ठेवणार, हे कच्चं, ते करपलं, आणि मग ताट असं साफ करणार की घासायला नको. ताईचं आणि त्यांचं रोज जेवताना भांडण. मी त्यांच्याकडे जेवायला जायचो तो निम्मा त्या करमणुकीसाठी.

हिवाळ्यात त्यांना ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. वास नाही म्हणजे चवही नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आधी वाटलं, येईल परत. महिना गेला, दुसरा गेला. कामावर जाणं बंद झालं, कारण गळती हुंगता येत नाही म्हटल्यावर त्यांची स्वतःचीच छाती होईना. खाणं तर त्याच्याही आधी सुटलं. ताई वाढायची, हे दोन घास खायचे, "चांगलं झालंय" म्हणायचे आणि ताट सरकवायचे.

चांगलं झालंय! या माणसाच्या तोंडून हे शब्द मी तीस वर्षांत ऐकले नव्हते. ऐकून अंगावर काटा यायचा.

अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस साडेतीन महिन्यांत चौसष्टवर आला. पावडरींचे डबे झाले, औषधं झाली. त्या सोमवारी दवाखान्यात मीही बरोबर गेलो होतो, कारण जिना उतरताना त्यांचा तोल जायला लागला होता. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी परत वजन करू. चौसष्टच्या खाली गेलं तर भरती करणार. नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल." भावोजी "बरं" म्हणाले. नुसतं बरं! दुसरा कुणी असता तर मी त्याला तिथेच चार शब्द सुनावले असते.

निघताना बाईंनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "वास गेला तरी आंबट आणि खारट जिभेला कळतं. आणि दाताखाली मोडलेलं कानाला कळतं. असलं काही देऊन बघा. पथ्य वगैरे नंतर बघू, आधी त्यांना खाऊ दे."

आंबट, खारट आणि दाताखाली मोडणारं. मला लगेच सुचलं. पूर्वी एका गोदामाच्या रंगकामावर असताना फाटकासमोरच्या टपरीवर खारातल्या काकडीच्या चकत्या पिठात बुडवून तळून मिळायच्या. आम्ही रंगारी दुपारी त्यावर तुटून पडायचो. मंगळवारी मी वाकडी वाट करून त्या टपरीवर गेलो, मोठी पुडी बांधून घेतली आणि बसने ताईकडे आणली. पोहोचेपर्यंत पुडीत वाफ धरली आणि चकत्यांचं पोतेरं झालं. भावोजींनी एक तोंडात घातली, बराच वेळ चघळली आणि म्हणाले, "चांगलं आहे."

ताई उठली, चपला घातल्या. "चल छोट्या." मी पन्नास वर्षांचा आहे, तरी छोट्याच. "या घरीच करायला हव्यात, गरम गरम," ती म्हणाली.

"अगं, पण बरणी घरात आणायची नाही ना तुला?"

"तोंड बंद ठेव आणि चल."

दुकानात तिने पाऊण तास लावला. एकेक बरणी उलटी करून उजेडात धरायची, आतल्या काकड्या कशा हलतात ते बघायची आणि नाक मुरडून परत ठेवायची. "ही दुपारच्या पाळीतली. दुपारच्या पाळीतल्या बायका कशाही कोंबतात." दुकानदार आमच्याकडे चोरांकडे बघावं तसं बघत होता. शेवटी तीन बरण्या पसंत पडल्या.

बुधवारी पहिला घाणा. मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर, मीठ, मिरपूड आणि फ्रीजमधला गार सोडा घालून तिने सरसरीत पीठ कालवलं. खारातून चकती काढली, पिठात बुडवली, तेलात सोडली. बाप रे! तेल असं तडतडून उडालं की आम्ही दोघं ओट्यापासून मागे पळालो. तडतड थांबल्यावर बघतो तर पीठ एकीकडे तरंगतंय आणि काकडी दुसरीकडे, नागडी.

मी म्हटलं, पीठ पातळ झालंय. मग तिने घट्ट केलं, तर वरून गादी आणि आतून कच्चं. गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी म्हटलं, अंडं घाल. अंडं घातलं. मी म्हटलं, तेल कमी तापलंय. तेल तापवलं, तर धूर झाला. ताईच्या मनगटावर दोन फोड आले. मी हुकूम सोडत होतो आणि ती मुकाट्याने ऐकत होती. खरं तर तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण ताई मुकाट्याने कुणाचं ऐकत नाही. तिला सोमवार दिसत होता, दुसरं काही दिसत नव्हतं. भावोजी बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेले. आत एवढा गोंधळ चाललाय, पण काय चाललंय म्हणून विचारायलाही उठले नाहीत.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर मी परत त्या टपरीवर गेलो. टपरीवाला मला हसला. "अहो, काकडी कोरडी केली का? पंच्याने टिपून खडखडीत कोरडी करायची, मग सुक्या पिठात घोळवायची, मगच कालवलेल्या पिठात. ओल्याला पीठ धरत नाही."

आता माझी गंमत ऐका. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगत आलोय. घाई करणाऱ्या घरमालकांशी यावरून माझी भांडणं झालीत. आणि दोन दिवस मी तिथे उभा राहून पिठाला दोष देत होतो! मी कपाळावर हात मारला आणि तिथूनच ताईला फोन केला. "ताई, कोरड्या कर. पंच्याने टिपून घे."

तासाभराने तिचा फोन. "केल्या कोरड्या. परत तेच झालं."

"नीट केल्या का?"

"दोन पंचे भिजले रे! अजून कशा करू?" तिचा आवाज रडवेला झाला होता. माझा पारा चढला. टपरीवाल्यावर, पिठावर, भावोजींवर, सगळ्यांवर. शुक्रवारी मी कामावर दांडी मारली आणि सकाळीच तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आता बोलणार नाही, नुसता बघणार.

तिने बरणीतून काकड्या काढल्या, जाडसर चकत्या कापल्या, पंच्यावर पसरल्या. वरून दुसरा पंचा दाबला. उलटल्या, परत दाबला. अगदी मन लावून. चकत्या बशीत काढल्या. बशीशेजारी वाडग्यात बरणीतला खार काढून ठेवलेला होता. मग गॅस पेटवला, कढई ठेवली, तेल ओतलं आणि माझ्याशी बोलायला लागली. "मुलीचा फोन आला होता, ती रविवारी यायचं म्हणतेय, मी नको म्हटलं, बापाला असं बघून तिचं काय होईल." बोलता बोलता तिचा हात बशीकडे गेला, चकत्या उचलल्या आणि वाडग्यातल्या खारात सोडल्या. सगळ्या. एखादी वर राहायला नको म्हणून चमच्याने दाबल्यासुद्धा.

"ताई, काय करतेस?"

"तेल तापलं का बघतेय."

"हाताकडे बघ! हाताकडे!"

तिने वाडग्याकडे बघितलं. मग बशीकडे. मग माझ्याकडे. "मी नाही घातल्या."

"मग कुणी घातल्या? भुताने?"

ती स्टुलावर बसली.  "खाराबाहेर काकडी राहिली की बरणी परत यायची रे," ती म्हणाली. "मुकादमीण माझ्या समोर आपटायची. पहिल्या वर्षी किती रडले होते मी त्यावरून. म्हणजे काल पण मी... परवा पण..." तिने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे असं बघायला लागली, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

मला तिची कणव आली. पण कणवेने काकडी कोरडी होत नाही. मी वाडगा उचलला, चकत्या चाळणीत काढल्या आणि खार सिंकमध्ये ओतून दिला.

"अरे मेल्या!" ती ताडकन उठली. "खार ओततोस? खार?" मी उरलेली बरणी उचलली, तिच्यातलाही खार ओतून दिला. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणीनंतर पहिल्यांदाच. चांगला लागला. मी म्हटलं, "मार अजून. पण आता ठेव कुठे ठेवतेस ती काकडी."

तिने तोंड फुगवलं. पण चकत्या परत टिपल्या, सुक्या पिठात घोळवल्या, झटकल्या. दोनदा तिचा हात चकती घेऊन वाडग्याकडे गेला आणि रिकामा वाडगा बघून परत आला. मग एकेक चकती गार पिठात बुडवून तिने तेलात सोडली, एका वेळी सहाच. तेल उडालं नाही. नुसते बारीक बुडबुडे आणि एकसारखा आवाज. पीठ काकडीला घट्ट धरून बसलं, फुगलं, पिवळं झालं, मग छान तांबूस. तिने झाऱ्याने काढून जाळीवर पसरल्या. कागदावर टाकू दिल्या नाहीत. म्हणाली, खालून वाफ धरेल. ते मात्र तिला न सांगता कळलं.

बशी घेऊन ती बाहेर गेली आणि मी दारात थांबलो. भावोजींनी तिच्या समाधानासाठी एक उचलली. चावली. कर्रर्र असा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. ते थांबले. परत चावलं. दुसरी उचलली, ती कुणी न सांगता. तिसरी. 

"मीठ जास्त झालंय," भावोजी म्हणाले.

ताईने कमरेवर हात ठेवले. "जास्त झालंय? तीन दिवस मी हात भाजून घेतेय, माझ्या भावाने माझा सगळा खार ओतून दिला, आणि जास्त झालंय? गिळा मुकाट्याने!" एवढं बोलली आणि रडायलाच लागली. हुंदके देऊन.

"गिळतोय की," भावोजी म्हणाले. "पण काकडीत मीठ आहेच ना. पिठात कशाला घालायचं? रडतेस काय, दुसरा घाणा काढ."

बरोबर होतं त्यांचं. बरोबर होतं म्हणून मला आणखी राग आला, आणि त्या रागात मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून तोंड धुतलं. त्या दिवशी त्यांनी एकोणीस खाल्ल्या. शनिवारी चकत्यांबरोबर उकडलेला बटाटा आणि पाव गेला. रविवारी तर वाटीभर सूपही, त्यात चकत्या चुरून. वास नाही, चव जेमतेम, पण दाताखाली काहीतरी मोडत होतं आणि त्याच्या आधाराने बाकीचं खाली उतरत होतं.

सोमवारी दवाखान्यात गेलो. ताईने काट्याकडे पाठ करून डोळे मिटले. नर्स म्हणाली, "चौसष्ट किलो तीनशे." डॉक्टरबाई हसल्या आणि भरतीचा कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला. आमचा जीव भांड्यात पडला. पण भावोजींचं समाधान होईना. नावं ठेवायची सवय परत आली होती ना!

"तीनशे ग्रॅम? तीन दिवस मी राक्षसासारखा खातोय. तुमचा काटा बिघडलाय."

"काटा बरोबर आहे हो काका," नर्स म्हणाली.

"मला नका सांगू. जन्मभर मापं तपासत आलोय. काटा तपासायचा तर जिचं वजन ठाऊक आहे अशी वस्तू ठेवायची." त्यांनी ताईचा दंड धरला. "ही उभी राहू दे. कारखान्यात दरवर्षी तपासणी व्हायची हिची. वीस वर्षं अडुसष्ट. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

"मी नाही उभी राहणार. काहीतरीच काय," ताई म्हणाली.

"राहा गं, दोन मिनिटांचं काम."

ती चपला काढून काट्यावर चढली. काटा एकसष्टवर थांबला.

"बघा!" भावोजींनी टाळी वाजवली. "सात किलो खातोय तुमचा काटा! म्हणजे मी एकाहत्तर. म्हणत नव्हतो मी?"

 नर्सने ताईला उतरायला सांगितलं आणि स्वतः काट्यावर उभी राहिली. "मी रोज सकाळी बघते. छप्पन्न," ती म्हणाली. काटा छप्पन्नवर होता.

 भावोजींनी काट्याकडे बघितलं, मग ताईकडे. तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. मी त्या घरी दिवसाआड जात होतो, आठवडाभर तर रोज तिच्या शेजारी उभा होतो, आणि मला दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"हे कधी झालं?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही ताट सरकवलंत की माझ्याही घशाखाली उतरायचं नाही," ताई चपला घालत म्हणाली. "मग मीही झाकून ठेवायची. त्यात सांगायचं काय?"

 घरी आल्यावर ताई ओट्याकडे वळली, तेव्हा भावोजींनी तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेगड्या नीट केल्या, पण आपल्या शेगडीवर यांनी कधी पाणीसुद्धा तापवलेलं नव्हतं. मी सांगत गेलो, ते करत गेले. पहिला घाणा काळा झाला. दुसरा बरा निघाला. ताई खुर्चीतून दहा सूचना करत होती आणि ते एकीलाही नावं ठेवत नव्हते.

त्यांनी बशी तिच्यासमोर ठेवली आणि उभे राहिले.

"आणि तुमची?" ताईने विचारलं.

"तू खा. तुझ्याआधी मी आता कशाला हात लावणार नाही."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. एक चकती उचलली आणि खाल्ली. मग दुसरी. सावकाश खात होती, मान खाली घालून, आणि मधेच पदराने डोळे पुसत होती. ते तसेच उभे होते, हातात झारा. सहा चकत्या झाल्यावर त्यांनी झारा खाली ठेवला, खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि तिच्या बशीतली एक उचलली.